नंदिनी नगर ते रॉक हिल : फेका, चाला, पुन्हा फेका

तुमच्या घरात अलीकडे कुणी निवृत्त झालं आहे का? झालं असेल, तर डॉक्टरांनी ‘रोज पाऊण तास चाला’ असं सांगितल्यावर घरात काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिले आठ दिवस नवे बूट आणि नवा उत्साह. नवव्या दिवशी ‘आज ऊन फार आहे’, दहाव्या दिवशी ‘आज पेपर उशिरा आला’ आणि महिन्याभराने बूट पलंगाखाली.

आमच्याकडेही अगदी असंच झालं. यांची नोकरी चुनखडीच्या खाणीत, सर्व्हे विभागात. उभा जन्म उन्हातान्हात, दगडधोंड्यांतून चालण्यात गेला. निवृत्तीनंतर वर्षभरातच छातीत कळ आली, रायपूरला नेऊन स्टेंट बसवावी लागली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि नेमकं तेव्हाच यांचं चालणं थांबलं. मी कटकट करायची, हे पेपर तोंडासमोर धरायचे. ‘कामाशिवाय नुसतं चालायचं म्हणजे काय? जायचं कुठे?’ हा यांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते उत्तर मिळालं साता समुद्रापलीकडे, एका कॉलेजच्या आवारात. आज तुम्हाला तिथेच घेऊन जाणार आहे. पण आधी आमच्या गावातून निघू या.

आमचं नंदिनी

नंदिनी नगर कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या उत्तरेला, वीसेक किलोमीटरवर, दुर्ग जिल्ह्यात. भिलाईचा पोलाद कारखाना तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचला असेल. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाला लोहखनिज लागतं, ते दल्ली-राजहऱ्याहून येतं. पण नुसतं लोहखनिज पुरत नाही, चुनखडीही लागते. चुनखडी भट्टीत गेली की लोखंडातली घाण मळी होऊन वेगळी होते. आमच्या नंदिनीच्या खाणीतून हीच चुनखडी निघत आली आणि खाणकामगारांसाठी बांधलेली वसाहत म्हणजे नंदिनी नगर. सरळ रस्ते, ओळीने क्वार्टर, दारात कडुनिंब, मोठी मोकळी मैदानं आणि एक जुनी धावपट्टी.

इकडे मराठी माणसं कशी, असंही अनेक जण विचारतात. अहो, छत्तीसगड आणि नागपूर यांचं नातं जुनं आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर होता आणि पुढे मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच होती. कारखाना आल्यावर विदर्भातून कितीतरी कुटुंबं नोकरीला आली, आमच्या सासऱ्यांचं त्यातलंच एक. घरात मराठी, दारात छत्तीसगडी, बाजारात हिंदी असं आमचं चालतं.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि जवळच दोन खोल्यांचं घर बांधलं. लेक अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात. ‘आई, बाबांना घेऊन ये, हवापालट होईल,’ असं ती दोन वर्षं म्हणत होती. शेवटी फेब्रुवारीत निघालो. रायपूरहून दिल्ली, मग दोन लांबलचक विमानं.

मुलीच्या घरी किती दिवस राहायचं?

हा प्रश्न यांनी तिसऱ्याच दिवशी काढला. सकाळी लेक आणि जावईबापू कामाला, नात शाळेत. घर शांत. बाहेर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, फक्त मोटारी. मी स्वयंपाकघरात जीव रमवला, पण हे खिडकीपाशी बसून राहिले. कुणाशी नीट बोलणं नाही. जावयापुढे तक्रार करायची नाही, हा जुना संस्कार. त्यामुळे ‘बरं वाटतंय ना बाबा?’ असं जावईबापूंनी विचारलं की ‘उत्तम’ हे एकच उत्तर.

नात नऊ वर्षांची. तिला मराठी समजतं, पण बोलताना अडते. यांना इंग्रजी समजतं, पण तिच्या उच्चारातलं समजत नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि आपापल्या कोपऱ्यात जायचे.

मार्च संपत आला तेव्हा तिथल्या पाइन वृक्षांचे पिवळे पराग गाड्यांवर, पायऱ्यांवर हळदीसारखे साचायला लागले. अशाच एका रविवारी जावईबापू म्हणाले, ‘बाबा, आज आपण सगळे डिस्क गोल्फ खेळायला जाऊ या. जवळच एक मोठं विद्यापीठाचं मैदान आहे.’ हे म्हणाले, ‘तुम्ही खेळा, मी बाकावर बसतो.’ निदान गाडीत तरी बसले, याचाच मला आनंद.

रॉक हिलची वाट

शार्लटहून महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की काही वेळात राज्य बदलतं आणि साउथ कॅरोलायना लागतं. साधारण ४० किलोमीटरवर रॉक हिल नावाचं शहर आहे. नावाचा अर्थ खडकाळ टेकडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेमार्ग टाकताना मजुरांना एक गारगोटीची टेकडी आडवी आली, तिच्यावरून हे नाव पडलं म्हणतात. दगडावरून ओळखलं जाणारं आणखी एक गाव, म्हटल्यावर यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेची कापलेली माती लालभडक. ‘दल्ली-राजहऱ्यासारखी दिसते,’ असं हे आपणहून बोलले. सकाळपासूनचं ते पहिलं वाक्य होतं.

या शहरात विन्थ्रॉप विद्यापीठ आहे. विद्यापीठाचं तळं, मोठं क्रीडागृह, त्याभोवती गवताचे विस्तीर्ण उतार आणि मधूनमधून उंच झाडं. या मोकळ्या जागेत डिस्क गोल्फचा कोर्स आखलेला आहे. साधासुधा नव्हे बरं का. १९९९ पासून अमेरिकेची राष्ट्रीय डिस्क गोल्फ स्पर्धा इथेच भरते. या खेळातला नामवंत खेळाडू केन क्लाइमो याने ती पाच वेळा जिंकली आहे. स्पर्धेच्या वेळी दोऱ्या लावून कोर्स फार अवघड करतात. एका ठिकाणी तर टोपलीभोवती गवताच्या गठ्ठ्यांचं कुंपण असतं, चकती आत पडली नाही की दंड. एक होल ८८८ फूट लांब, म्हणजे सुमारे २७० मीटर. आपल्यासारख्यांनी घाबरायचं कारण नाही. एरवी तिथे विद्यार्थी, आईबाप आणि पोरंटोरं खेळताना दिसतात.

हा खेळ आहे तरी काय?

गोल्फ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. काठीने चेंडू मारत मारत लांबच्या खळग्यात घालायचा, कमीत कमी फटक्यांत. डिस्क गोल्फमध्ये काठी नाही, चेंडू नाही, खळगाही नाही. हातात एक प्लॅस्टिकची चकती, आपल्या स्वयंपाकघरातल्या ताटलीपेक्षा थोडी लहान. लांब एका खांबावर टोपली असते आणि तिच्यावर गोल कड्याला साखळ्या लोंबत असतात. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची. जिथे पडेल तिथे चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची. साखळीला लागून टोपलीत पडली की ते होल संपलं. किती फेकी लागल्या त्या मोजायच्या. अशी १८ होल, लहान कोर्सवर ९. सगळ्यांत कमी फेकी ज्याच्या, तो जिंकला.

नियम थोडेच आहेत. टोपलीपासून ज्याची चकती सर्वांत लांब, त्याने आधी फेकायचं. पुढे माणसं असतील तर थांबायचं. चकती हद्दीबाहेर किंवा पाण्यात गेली तर एक फेक जास्त मोजायची. हरवली तर तीन मिनिटं शोधायची, मग सोडून द्यायची. टोपलीच्या दहा मीटरच्या आत आलात की फेकताना तोल जाऊन पुढे पाऊल पडता कामा नये. बस्स, एवढं आलं की तुम्ही खेळू शकता. पंच नसतो, आपले आकडे आपणच खरे सांगायचे.

चकत्यांचे तीन प्रकार असतात. लांब फेकायची ती ‘ड्रायव्हर’, तिची कड धारदार असते. मधल्या अंतराची ‘मिडरेंज’. जवळून टोपलीत टाकायची ‘पटर’, ती जाडसर आणि हळू जाणारी. नवख्या माणसाने ड्रायव्हरच्या मोहात पडू नये. जोराने फेकता आली नाही तर ती भलतीकडे वळते. उजव्या हाताने, तळहात आपल्याकडे ठेवून फेकली की चकती शेवटी डावीकडे झुकते, हे लक्षात ठेवून थोडं उजवीकडे बघून फेकायची.

खाऊच्या डब्याच्या झाकणातून

या खेळाची गोष्ट स्वयंपाकघरातच सुरू होते, म्हणून मला ती फार आवडली. १९३७ साली कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आणि त्याची मैत्रीण पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकत खेळत होते. झाकण पोचे पडून वाकडं झालं, म्हणून केक भाजायचं पत्र्याचं भांडं घेतलं. समुद्रकिनारी खेळताना एकाने विचारलं, ‘हे मला २५ सेंटला देता का?’ बाजारात ते भांडं ५ सेंटला मिळत होतं. मॉरिसनला तिथेच धंदा दिसला. पुढे त्याने प्लॅस्टिकची चकती बनवली आणि १९५७ मध्ये व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीने ती बाजारात आणली. हीच आपली फ्रिस्बी.

त्याच कंपनीत एड हेड्रिक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी चकतीच्या पाठीवर बारीक कडी काढून तिचं उडणं स्थिर केलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत त्यांनी डिस्क गोल्फचा पहिला कायमचा कोर्स आखला. आधी नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. मग त्यांनी साखळ्यांची टोपली शोधून काढली. साखळ्या चकतीचा वेग मारतात आणि ती अलगद खाली पडते. शिवाय खणखण आवाज होतो, म्हणजे वादच मिटला. हेड्रिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून चकत्या बनवल्या गेल्या. ऐकून मी क्षणभर गप्प झाले. पण नात म्हणाली, ‘म्हणजे ते अजून उडतात!’

हे आवार कुणाचं होतं?

खेळायच्या आधी विन्थ्रॉपबद्दल थोडं सांगते, कारण ते कळल्यावर त्या गवतावर पाय ठेवताना मला वेगळं वाटलं. १८८६ मध्ये कोलंबिया शहरात एका खोलीच्या इमारतीत २१ विद्यार्थिनींना घेऊन ही संस्था सुरू झाली. मुलींना शिक्षिका बनवण्यासाठी. १८९५ मध्ये ती रॉक हिलला आली. ती पहिली एका खोलीची इमारतही नंतर उचलून इथे आणली गेली. कितीतरी दशकं हे फक्त मुलींचं कॉलेज होतं आणि तेही फक्त गोऱ्या मुलींचं. पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली १९६४ मध्ये. मुलग्यांना प्रवेश मिळाला १९७४ मध्ये.

याच रॉक हिलमध्ये १९६१ च्या जानेवारीत कृष्णवर्णीय तरुण एका दुकानाच्या खानपानाच्या काउंटरवर जाऊन बसले होते. तिथे फक्त गोऱ्यांनी बसायचं, असा दंडक होता. त्यांतल्या नऊ जणांनी दंड भरायला नकार देऊन ३० दिवसांची सक्तमजुरी पत्करली. त्यांची शिक्षा न्यायालयाने रद्द केली ती थेट २०१५ मध्ये. जागा सगळ्यांसाठी मोकळी होते ती अशी, कुणीतरी आधी किंमत मोजलेली असते. आज तिथे नंदिनी नगरची साडी नेसलेली आजी बूट घालून चकती फेकते आणि कुणी वळूनही बघत नाही.

आमचा पहिला डाव

पहिली फेक नातीची. चकती सरळ गेली, सुंदर. जावईबापूंची लांब गेली. लेकीची वळून झाडात. मग माझी पाळी. लग्नानंतर मी पोळी लाटण्याच्या पलीकडे हाताला कधी व्यायाम दिलेला नाही. चकती दहा पावलांवर जमिनीत रुतली. सगळे हसले, मीही हसले. पण गंमत अशी की, पुढची फेक मारायला मला तिथवर चालावंच लागलं. मग पुन्हा. पहिल्या होलला मला अकरा फेकी लागल्या.

हे बाकावर बसले होते. लेकीची चकती झाडांत काही सापडेना. आम्ही चौघं पाचोळ्यात शोधतोय, तीन मिनिटं होत आली. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, ‘तिथे नाही. त्या वाकड्या झाडाच्या उजवीकडे बघा, बारा-तेरा मीटर आत.’ नात धावली. चकती तिथेच होती.

‘आबा, तुम्हाला कसं कळलं?’

‘अगं, आयुष्यभर हेच केलं. दोन खुणा धरायच्या, रेषा मनात ओढायची.’

झालं. त्यानंतर प्रत्येक फेकीआधी नात विचारायला लागली, ‘आबा, किती लांब?’ हे डोळे बारीक करून सांगायचे, ‘साठ मीटर, वारा डावीकडून.’ जावईबापू फोनवर अंतर तपासायचे आणि मान डोलवायचे. तिसऱ्या होलला हे बाकावरून उठून आमच्याबरोबर चालत होते. पाचव्या होलला नातीने हातात पटर दिली.

सातव्या होलजवळ एक चढ होता. अर्ध्यावर हे थांबले आणि गवतावर बसले. माझ्या पोटात गोळा आला. मी पाण्याची बाटली घेऊन मागून येतच होते. तेवढ्यात नातीचा आवाज कानावर आला.

‘आबा, दमलात का?’

‘नाही गं. दमलो नाही. भीती वाटते.’

‘कसली?’

‘ती कळ आली ना, तेव्हा मी चालतच होतो. आता चालायला लागलं की वाटतं, पुन्हा येईल.’

मी जिथे होते तिथेच थांबले. दोन वर्षं मी या माणसाला आळशी म्हणत होते. पेपर उशिरा आला, ऊन आहे, बूट चावतात, ही सगळी कारणं मी मोजून ठेवली होती. खरं कारण मला कधी विचारावंसंच वाटलं नाही. आणि मला जे सांगितलं नाही, ते नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं, कारण ती उपदेश करत नव्हती.

ती म्हणाली, ‘मग आपण हळूहळू जाऊ. तुमची डिस्क बघा, किती जवळ आहे. तिथपर्यंतच जायचं.’ तिचं मराठी अडखळत होतं, पण यांना सगळं समजलं. हे उठले. चाळीस पावलं चालले. थांबले. चकती फेकली. पुन्हा चाळीस पावलं.

या खेळाचं मर्म मला तिथे कळलं. पाऊण तास चालायचं म्हटलं की घाबरलेल्या माणसाला तो डोंगर वाटतो. मध्ये थांबावं तर लोक काय म्हणतील, ही लाज. डिस्क गोल्फमध्ये चालणं तुकड्यातुकड्यांनी होतं. दर थोड्या अंतरावर थांबावंच लागतं आणि ते थांबणं खेळाचा भाग असतं. दुसऱ्याची फेक बघा, वारा बघा, श्वास घ्या. थांबलात म्हणून कुणी विचारत नाही. अठरा होल होईपर्यंत चार-पाच किलोमीटर सहज होतात.

त्या दिवशी आम्ही नऊच होल खेळलो. घरी येताना हे गाडीत झोपले नाहीत. नातीला नंदिनीच्या खाणीत सुरुंगाचा भोंगा वाजला की सगळे कसे आडोशाला जायचे, ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी लेकीने डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. चालणं चांगलंच, जोराचे झटके देऊन फेकू नका, छातीत काही वाटलं तर लगेच थांबा, असं त्यांनी सांगितलं. मग दर रविवारी रॉक हिल ठरून गेलं. त्या उन्हाळ्यात नात मराठी आकडे शिकली, कारण आबा गुण मराठीतच लिहायचे.

तुम्ही जाणार असाल तर

मुलाबाळांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांना मी आवर्जून सांगेन, जवळचा डिस्क गोल्फचा कोर्स विचारा. बहुतेक कोर्स सार्वजनिक बागांत किंवा कॉलेजच्या आवारात असतात आणि पुष्कळ ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत. युरोपात फिनलंड आणि एस्टोनियात तर हा खेळ घराघरांत आहे. काही गोष्टी ध्यानात ठेवा :

जायच्या आधी कोर्स खुला आहे का ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहा. स्पर्धा किंवा मोठा कार्यक्रम असेल तर बंद असू शकतो. विन्थ्रॉपची राष्ट्रीय स्पर्धा सहसा ऑक्टोबरच्या सुमारास असते. तेव्हा खेळायला नको, बघायला जा.

चकती साधारण दहा ते वीस डॉलरला मिळते. सुरुवातीला एक पटर आणि एक मिडरेंज पुरे. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा गुलाबी. हिरवी चकती गवतात शोधता शोधता डाव संपतो. चकतीमागे आपलं नाव आणि फोन नंबर लिहा. सापडली की लोक फोन करतात, आम्हाला दोनदा परत मिळाली.

दक्षिणेकडच्या राज्यांत उन्हाळा कडक असतो. सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी न्या. झाडीत शिरताना पूर्ण पायघोळ कपडे हवेत. गोचिड्या असतात, खाजरा वेल असतो, क्वचित सापही. तळ्यात गेलेली चकती काढायला उतरू नका.

गुडघे दुखत असतील तर चढाचे होल सोडून द्या, कुणी रागावत नाही. हृदयाचा त्रास झालेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

परत नंदिनीत

जुलैत आम्ही परतलो. बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या जागी सहा चकत्या होत्या. पाऊस सरेपर्यंत हे गप्प होते, मला वाटलं संपलं सगळं. नोव्हेंबरात एक दिवस यांनी सायकलच्या जुन्या रिंगा आणल्या. एका वेल्डिंगवाल्याकडे बसून त्यांना साखळ्या लोंबवल्या, खाली कमरेच्या उंचीवर बाजारातली बांबूची टोपली बांधली. असे तीन खांब झाले. वसाहतीतल्या एका मोकळ्या मैदानात, संबंधितांची परवानगी काढून, ते रोवले. बाकी सहा ‘होल’ म्हणजे कडुनिंबाची झाडं. खोडाला चुन्याचा पट्टा, त्याला चकती लागली की झालं. चुन्याची आमच्याकडे काय कमी!

अंतरं यांनी स्वतः टेप धरून मोजली. सगळ्यांत लांब होल ९० मीटर, सगळ्यांत छोटं २५. सुरुवातीला शेजारची मुलं जमली. मग यांचे खाणीतले दोन जुने सोबती आले, त्यांतल्या एकाचीही बायपास झालेली. ते नुसते बघायला आले होते. त्यांनाही बाकावरून उठायला तीन होल लागले.

आम्ही बायकाही खेळतो, चार वाजता, चहाच्या आधी. या मैदानावर पूर्वी फक्त मुलांचं क्रिकेट चालायचं. आम्ही कडेने भाजी घेऊन जायचो. आता मुलं आम्हाला ‘काकू, थोडं थांबा, बॉल येतोय’ म्हणतात आणि आम्ही त्यांना ‘तुम्हीच थांबा, चकती येतेय’ म्हणतो. भांडण होतं, मिटतं.

इथल्या संपलेल्या खाणींच्या जागेवर झाडं लावून जंगल उभं करण्याचं काम सरकारने केलं आहे. तिकडे पाखरं बघायला लोक जातात. तुम्ही कधी भिलाईला आलात, तर कारखाना आणि मैत्री बाग पाहून झाल्यावर नंदिनीकडे नक्की या. आणि तुमच्याच गावात मैदान असेल तर वाट कशाला बघता? साधी फ्रिस्बी खेळाच्या दुकानात मिळते. दोन टोपल्या, चार झाडं आणि एक वही, एवढं पुरतं. आपल्याकडे कॉलेजांची आवारं किती मोठी असतात! सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास ती आसपासच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोरांना मिळाली, तर किती घरांतले बूट पलंगाखालून बाहेर येतील, याचा तिथे शिकवणाऱ्या तुमच्यातल्या कुणीतरी विचार जरूर करा.

आमच्या घरचं सांगते. वहीत यांचे गुण रोज लिहिलेले असतात. परवा नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिने विचारलं, ‘आबा, आज किती?’

‘नऊ होल, छत्तीस.’

‘छत्तीस म्हणजे थर्टी-सिक्स?’

‘हो. आणि मध्ये एकदाही बसलो नाही.’

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मध्ये एकदा बसले होते, मी पाहिलं होतं. पण मी काही बोलले नाही.